नुरुद्दीनचाचांचे दोन बदाम

नुरुद्दीनचाचांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते नळवाले वाटले. आत्ता सांगतानासुद्धा हसू येतंय. लाजही वाटते, पण हसू जास्त.

झालं असं की किहीमला कमलेशच्या बंगल्याच्या पडवीत दर गुरुवारी दुपारी आमचा ब्रिजचा अड्डा असतो, आणि त्या गुरुवारी पडवीतल्या बेसिनचा नळ सकाळपासून गळत होता. नळवाला निघालाय, पोचतोच आहे, असे फोन चालले होते. तेवढ्यात फाटकातून एक उंच वाळका म्हातारा आत आला. लेंगा, वर निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोक्याला जाळीची टोपी, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं, "किती उशीर हो. तो बघा, तिकडे आहे." आणि बेसिन दाखवलं.

त्यांनी नळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. पिशवी खाली ठेवली. पडवीच्या कोपऱ्यात सायकलची जुनी ट्यूब पडली होती, तिचा रुपयाएवढा तुकडा कापला, खालची कळ बंद केली, नळ उघडून तो तुकडा आत बसवला आणि परत पिळला. गळती थांबली. मग लेंग्याला हात पुसून म्हणाले, "बाय, नल झाला. आता माझा पार्टनर कोण, तेवढं सांग."

पार्टनर मीच होते.

माझी आधीची पार्टनर लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. कमलेश आमचा सेक्रेटरी. अड्डा त्याच्या पडवीत, म्हणून त्याला आम्हीच सेक्रेटरी केलं, आणि तेव्हापासून तो भिंतीला नियम चिकटवत सुटलाय. तो म्हणाला होता, चोंढीचे एक सीनियर अंकल आहेत, जहाजावर खेळलेत, त्यांना घ्या. जहाजावर म्हटल्यावर मला वाटलं सोनेरी बटणांचा कोणीतरी कप्तान येणार. मी त्या दिवशी बऱ्यापैकी साडी नेसून गेले होते.

ज्यांना ब्रिज माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते. चार माणसं, समोरासमोरचे दोघं एका बाजूचे. पानं वाटली की आधी बोली लागते, हुकूम कोणता करायचा आणि किती हात करायचे याची. पार्टनरला पानं दाखवायची नाहीत, डोळ्यांनी खुणवायचं नाही, खोकायचं नाही. जे काय सांगायचं ते 'एक किलवर', 'दोन बदाम' एवढ्यातच सांगायचं. आता माझ्यासारख्या बाईचे यात काय हाल होत असतील ते बघा. पण मी शिकले. लॉकडाऊनमध्ये भाचा साहिल याने मोबाइलवर शिकवलं, अगदी नव्यातलं नवं. कोणत्या बोलीला काय अर्थ, सगळं पाठ. मला वाटायचं, मला येतं.

पहिल्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत मला चाचांची किळस आली. हो, किळसच. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, म्हणून शब्द बदलत नाही. प्रत्येक पान उचलायच्या आधी अंगठा जिभेला लावायचा. एकदा नाही, तेरा पानांना तेरा वेळा. मध्ये चहा आला की खारी बिस्किट त्यात इतकं बुडवायचं की त्याचा लगदा व्हायचा, तो दोन बोटांनी काढून खायचा, आणि त्याच बोटांनी परत पानं. वर तपकीर. ओढली की तीन शिंका ठरलेल्या, त्यातली एक तरी राजा-राणीच्या तोंडावर. त्यांनी टाकलेली चौकटची नव्वी मी उचलली तर ती बोटाला चिकटून वर आली. मी पुढच्या गुरुवारपासून ओले रुमाल घेऊन जायला लागले. चाचांना वाटलं त्यांच्यासाठीच आणलेत. त्यांनी चष्मा पुसला.

पण अंगठा परवडला, बोली नको.

तिसऱ्या की चौथ्या डावाला चाचा म्हणाले, "दोन बदाम." माझ्या साहिलच्या शाळेत दोन बदाम म्हणजे गरीब हात. सहा बदाम हातात असतात, बाकी नावाला काही नाही, नुसतं दुसऱ्या बाजूच्यांच्या पायात पाय घालायला बोलायचं. माझ्याकडे दोन राजे आणि एक राणी. म्हटलं, जाऊ दे, गरिबाला गरिबीत राहू दे. मी पास म्हटलं. सगळ्यांनी पास म्हटलं. बोली चाचांची टिकली, म्हणून नियमाप्रमाणे मी माझी पानं टेबलावर उघडी मांडली, चाचा खेळले आणि दोनच्या बोलीला सहा अधिक दोन असे आठ हात करायचे तिथे बारा हात करून बसले. त्यांच्याकडे तीन एक्के होते. बदामाचा पहाडच होता.

चाचांनी पानं गोळा केली नाहीत. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या ताटात काहीतरी टाकलंय.

"बाय, मी दोन बोल्लो. आग लागली म्हणून बोंब मारली मी. तू खिडकी लावून घेतलीस."

"अहो चाचा, दोन म्हणजे हात कमजोर असतो."

"कुणी सांगितला?"

"सगळे तसंच खेळतात हल्ली."

"कमजोर हाय तर गप बसायचं. कमजोर माणूस असा मोठ्यानं बोलतो व्हय?"

"हल्ली बोलतो."

"ते बघतोच हाय," चाचा म्हणाले आणि तपकिरीची डबी काढली.

त्यानंतरचा डाव तर विचारू नका. चाचांनी बिनहुकमाची बोली लावली. माझ्या हातात बदामच बदाम, पाच की सहा. अशा वेळी आमच्यात सरळ बदाम म्हणत नाहीत, चौकट म्हणतात. पार्टनरने समजून बदाम म्हणायचं, म्हणजे तगडा हात झाकलेला राहतो. सगळं जग असं खेळतं. मी म्हटलं, "दोन चौकट." चाचांनी मान हलवली आणि पास म्हटलं. म्हणजे हुकूम चौकट, खेळणार मी, आणि माझ्या हातात चौकटची फक्त दोन चिल्लर पानं. चार हात कमी पडले. शेजारी बसलेली नूतन, कमलेशची बायको, पदरात तोंड घालून हसत होती. ती बिचारी कधी हसत नाही.

"चाचा, मी चौकट म्हटलं तर तुम्ही बदाम म्हणायचं होतं."

"का?"

"कारण माझ्याकडे बदाम होते."

"मग बदाम बोलायचं."

"तसं नसतं ते. चौकट म्हणजे बदाम."

"आणि बदाम म्हणजे?"

"इस्पिक."

चाचांनी तपकिरीची डबी परत खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, "तोबा. एवढी वर्सं दर्यावर फिरलो, पन सगल्या बंदरांत माणसं वांगी इकताना वांगीच म्हनत होती."

त्यांना खरंच शिसारी आली होती. माझ्या बोटाला चिकटलेल्या पानाने मला जी शिसारी आली होती, अगदी तीच त्यांच्या तोंडावर होती. हातात नाही ते बोलायचं, हे त्यांना घाणेरडं वाटत होतं. तो गुरुवार आम्ही सहा जोड्यांत शेवटचे आलो. पुढचा गुरुवारही शेवटचे. त्या दुसऱ्या गुरुवारी मी त्यांच्याशी चहालाही बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते माझ्या घरच्यांना विचारा.

परतताना आम्ही दोघं एकाच मिनीडोरने यायचो, मी पुढे अलिबागला, ते चोंढी नाक्यावर उतरायचे. मिनीडोर म्हणजे आमच्याकडची सहा सिटांची रिक्षा, जिच्यात नऊ माणसं बसतात. तिथे गुडघ्याला गुडघा लागतो, अबोला धरता येत नाही. असं करत करत मला त्यांचं कळलं.

चाचा मूळचे दिघीचे. एकोणिसाव्या वर्षी मालवाहू जहाजावर लागले, अधिकाऱ्यांच्या जेवणघरात वाढप्याच्या कामावर. जेवणानंतर चार अधिकारी ब्रिजला बसायचे आणि नुरुद्दीन कॉफीचा ट्रे घेऊन पाठीमागे उभा. "ते चौघं एकेक हात बघत होते बाय. मी चारी हात बघत होतो." कोण काय धरून काय बोलतो, ते असं उभ्या उभ्या दोन वर्षं बघितलं. मग एका सफरीत एक अधिकारी कांजण्यांनी आजारी पडला, चौथा मिळेना, तेव्हा चीफ इंजिनियर म्हणाला, ट्रे ठेव आणि बस. त्या दिवसापासून नोकरी संपेपर्यंत ज्या जहाजावर गेले तिथे ते बसले. पैशाने कधी खेळले नाहीत. पैशाने खेळले असते तर बायकोने उंबऱ्यातूनच परत दर्यावर पाठवलं असतं, असं तेच सांगतात.

दर्या सोडून गावी आले तर खेळायला कोणी नाही. मग त्यांनी एक माणूस तयार केला. अनंता नावाचा, बोर्ली पंचतनच्या आतल्या गावचा भातशेतीवाला. बोर्लीच्या बाजारात ओळख झाली, तिथेच एका कापडवाल्याच्या दुकानामागे आठवड्याला डाव. पोस्टातले एकजण आणि शाळेचे मास्तर हे दुसऱ्या बाजूला. तेवीस वर्षं. नुरुद्दीन आणि अनंता यांनी बोलीचा अर्थ कधी कागदावर लिहिला नाही. अनंताला मराठी सोडून कोणती भाषा येत नव्हती आणि कोणती बोली खोटी लावता येत नव्हती. दोन वर्षांपूर्वी अनंता गेला. त्याच वर्षी चाचांची बायको गेली. मुलगी झुबेदा त्यांना चोंढीला आपल्या घरी घेऊन आली.

"आनंता असता तर दोन बदामाला पास म्हनला नसता," एवढंच चाचा म्हणाले, आणि मला वाईट वाटायच्या आत शिंकले. माझ्या खांद्यावर.

दुसऱ्या गुरुवारनंतर कमलेशने भिंतीला नवा नियम लावला. प्रत्येक जोडीने आपल्या बोलींचे अर्थ छापील तक्त्यावर भरून द्यायचे. आणि जी जोडी लागोपाठ तीन गुरुवार शेवटची येईल, तिने जागा सोडायची, कारण मुंबईचे लोक शनिवार-रविवारचे बंगले घेऊन बसलेत, त्यांना गुरुवारीही खेळायचंय. नियम वाचून मी मोजलं. दोन गुरुवार झाले होते. असा एकच बळी डोळ्यासमोर ठेवून नियम केलेला मी ऑफिसात चौतीस वर्षं बघितलाय, मला शिकवू नका.

शुक्रवारी तक्ता भरायला चाचांकडे निघाले तर चोंढी नाक्यावर झुबेदाने दुकानातून हाक मारली. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं किराण्याचं दुकान आहे. तिने मला आत बसवलं आणि तराजूकडे बघत म्हणाली, "कोकिळाताई, अब्बांची जागा राहील ना तिथं?"

"का गं?"

"शारिक मस्कतला बोलावतोय त्यांना. भाऊ माझा. चौथ्या माळ्यावर राहतो, दोघं नवरा-बायको कामावर, दिवसभर घरात कोण नाय. अब्बा त्याला म्हणाले, गुरुवारचं टेबल हाय तोवर मी हलत नाय. टेबल गेलं तर तिकीट काढ." मग जरा थांबून म्हणाली, "इथं आल्यापास्नं दाढी करत नव्हते. आता गुरुवारी करतात. शर्टाला इस्त्री मागतात."

मी म्हटलं, बघू. आत दुकानामागच्या ओट्यावर चाचा बसलेच होते. मी तक्ता घेऊनच आले होते, म्हटलं आत्ता भरून टाकू. चाळीस चौकोन होते त्यात. दीड तास बसले. पहिला चौकोन वाचला, "दोन बदाम, कमजोर." चाचा म्हणाले, न्हाय. दुसरा वाचला, चौकटच्या जागी बदाम. न्हाय. तिसरा, दुसऱ्या बाजूने बोली लावल्यावर आपण 'डबल' म्हटलं तर पार्टनरने आपला रंग सांगायचा.

"डबल म्हंजे रंग सांग?" चाचा म्हणाले. "डबल म्हंजे तू खोटा बोललास, आता मार खा. डबल पार्टनरला न्हाय बोलत, दुश्मनाला बोलतात."

"चाचा, एक तरी ऐका माझं. एक."

"खारी खा."

खारी त्यांच्याच कपातून बाहेर येत होती. मी तक्ता गुंडाळला आणि घरी आले. माणूस आयुष्यभर एका गोष्टीला धरून बसतो आणि वर त्याला इमान म्हणतो. माझ्या दोन गुरुवारांचं वाटोळं केलं ते केलंच, वर मलाच बेइमान ठरवलं. इतका वीट आला होता की रात्रीचं जेवण नीट गेलं नाही, आणि त्या दिवशी कोलंबी होती.

शनिवारी कमलेशचा फोन. "मावशी, तुमच्यासाठी एकदम बेस्ट पार्टनर आहे. पनवेलच्या मॅडम, अगदी तुमच्याच सिस्टिमच्या. अंकलना मी समजावतो."

खोटं कशाला सांगू, मी लगेच नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, "आणि ते?"

"येऊ देत की ते. कोपऱ्यात खुर्ची टाकू, गेम बघतील, चहा-बिस्किट आपल्याकडून. त्यांना तरी काय, टाइमपासच हवाय ना."

तोपर्यंत मला चाचांच्या अंगठ्याची किळस येत होती, तपकिरीची येत होती, खारीची येत होती. पण त्या फोनवरच्या गोड आवाजाची जी आली, ती वेगळीच. एकोणिसाव्या वर्षी त्या माणसाला पाठीमागे उभं केलं होतं, आता ब्याऐंशीव्या वर्षी पाठीमागे बसवणार, आणि वर बिस्किट देणार. मी म्हटलं, "कमलेश, पनवेलच्या मॅडमना सांग, पनवेलला छान हवा असते." आणि ठेवला.

मग मी विचार केला. हातात चार दिवस. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला चार दिवसांत माझं सगळं शिकवायचं, की मी त्याचं शिकायचं? माझ्या डोक्यात चाळीस चौकोन, त्यांच्या डोक्यात एक. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार मी रोज चोंढीला गेले. झुबेदाच्या दुकानामागे आम्ही दोघंच चार हात वाटायचो आणि नुसत्या बोली लावायचो. साहिलला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आत्या, हे तर संग्रहालयातलं खेळणं आहे. मी म्हटलं, तू अभ्यास कर.

चाचांची पद्धत ऐका. जे हातात आहे ते बोलायचं. दोन बोललं म्हणजे हात फार मोठा, पार्टनरने झोपायचं नाही. डबल म्हणजे मार. काही नसेल तर गप्प. मला तीन गोष्टी चटकन आल्या, चौथी आली नाही. सवयीने तोंड उघडायचं. दर वेळी चाचा डबल म्हणायचे आणि मी रंग सांगायची. चाचा पानं खाली ठेवायचे.

"बाय, तुला कुणी विचारला?"

"चुकलं."

"तुझ्या नवऱ्याची मला कीव येते."

"ते गेले."

"मग ठीक हाय, सुटले," चाचा म्हणाले. मी इतकी हसले की दुकानातून झुबेदा डोकावून गेली.

गुरुवारी मी तक्ता भरून दिला. चाळीस चौकोनांपैकी सदतीस चौकोनांत मी 'नाही' लिहिलं होतं. उरलेल्या तिनांत एकेक ओळ. कमलेशने तक्ता वरवर बघितला, म्हणाला, "ओके, म्हणजे काहीच कन्व्हेन्शन नाही," आणि टेबलावर ठेवून त्यावर चहाचा कप ठेवला. चाचा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हनुवटीवर एक कापलेलं होतं, त्यावर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवलेला.

त्या दिवशी आम्ही काही चमत्कार केला नाही. तीन डाव चांगले गेले, चार वाईट, एकात मी घोडचूक केली. भिंतीवर कमलेश दर फेरीला गुण लिहायचा. शेवटचा डाव उरला तेव्हा आम्ही सहावे होतो, म्हणजे शेवटचेच. पाचव्या जागी डॉक्टर गणराज आणि त्यांची बायको, थोडेच पुढे. ती दोघं फक्त कांदाभजी खायला येतात, त्यांना कुठल्याच नंबरचं काही नाही. आणि शेवटचा डाव आमचा कमलेश आणि नूतनशी.

पानं वाटली. माझ्याकडे इस्पिकचा राजा सोडला तर कचरा. चाचांनी पानं लावली, सगळी पुन्हा एकदा बघितली, मग अंगठा न चाटता तशीच मिटली. मला कळलं काहीतरी आहे.

"दोन बदाम," चाचा म्हणाले.

त्यांच्यानंतर कमलेश. त्याने विचारायला हवं होतं या दोनचा अर्थ काय, किंवा कप उचलून तक्ता वाचायला हवा होता. पण त्याच्या डोक्यात दोन म्हणजे गरीब हात, तोच, जो दोन आठवड्यांपूर्वी माझ्या डोक्यात होता. त्याच्याकडे किलवरची लांब रांग. तो ऐटीत म्हणाला, "तीन किलवर."

माझ्याकडे काही नाही. मी पास म्हटलं. नूतनने पास म्हटलं. आता पाळी चाचांची.

"डबल."

कमलेशने पास म्हटलं, आणि गाडी माझ्यावर आली.

माझ्या डोक्यातला साहिल ओरडायला लागला. आत्या, डबल म्हणजे रंग सांग. पार्टनर तुला विचारतोय. बोल काहीतरी. माझी जीभ टाळूला लागली होती आणि 'तीन' हा शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. चाचा माझ्याकडे बघत नव्हते. ते नियमाप्रमाणे पानांकडे बघत होते. मी बोलले असते तर कमलेश सुटला असता, आम्ही शेवटचे आलो असतो, आणि शारिकने तिकीट काढलं असतं.

मी आयुष्यात कधी एवढी गप्प बसले नाही. लग्नात मंगलाष्टकांच्या वेळीही नाही. शेवटी म्हटलं, "पास."

नूतनने पानं खाली मांडली. तिच्याकडे नवऱ्याला द्यायला काही नव्हतं, किलवरची एक दुरी आणि बदामाची दोन बारकी पानं. मी बदाम उतरले, चाचांनी एक्का घेतला, मग राजा, आणि कमलेशच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला. नऊ हात करायचे होते, सहा झाले. डबलमुळे तीन कमीचा मार दुणावला.

"अंकल, एक्के-राजे धरून तुमच्या हातात चोवीस गुण होते," कमलेश म्हणाला. "चोवीस गुणांवर दोन बदाम कोण म्हणतं?"

"मी."

"पण हे लिहायला हवं ना तक्त्यावर."

मी कप उचलला. खाली गोल डाग पडला होता, आणि डागाच्या मधोमध माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'दोन म्हणजे फार मोठा हात.' कमलेशने वाचलं. नूतनने वाचलं आणि परत पदर तोंडाला लावला. कमलेश म्हणाला, "असं आता कुणी खेळत नाही, अंकल."

"मी खेलतो ना," चाचा म्हणाले. "आणि ही."

गुण लिहिले गेले. आम्ही पाचवे. डॉक्टर गणराज सहावे आले आणि त्यांनी आणखी भजी मागवली. भिंतीवरच्या नियमाप्रमाणे लागोपाठ तीन होता होता राहिले, जागा आमची राहिली. कमलेश खालमानेने पानं मोजत बसला. मी चाचांचा हात हातात घेऊन दाबला. चिकट होता. मी सोडला नाही लगेच, एवढंच सांगते.

आता तुम्हाला वाटेल, म्हातारा खूश झाला असेल, दोन शब्द चांगले बोलला असेल. मिनीडोरमध्ये बसलो, गाडी सुटली, आणि चाचा पहिलं वाक्य काय बोलले?

"चार कमी व्हायला पायजे होते."

"काय?"

"कमलेस. तीन न्हाय, चार. तुझ्यापायी एक हात गेला."

"चाचा, आपण राहिलो. जागा राहिली. तीन झाले काय, चार झाले काय, काय फरक पडतो?"

"फरक न्हाय पडत. पन चूक तुझी हाय."

माझं डोकंच फिरलं. चार दिवस मी रोज चोंढीला येते, खारीचा लगदा बघते, तोंडाला कुलूप लावते, आणि हा माणूस मला एका हाताचा हिशेब विचारतो. मी म्हटलं, "कुठे चुकले सांगा."

"मी इस्पिक उतरलो. तुझा राजा चालला. मग तू परत बदाम उतरलीस."

"तुमचा रंग होता. तुम्ही दोन बदाम ओरडलात. मी तुमच्याच रंगात आले, तर चूक?"

"व्हय. इस्पिकच परत द्यायचं."

"कमलेशकडे आणखी बदाम असेल असं मला वाटलं. मला काय त्याच्या पानांत डोकावता येतं?"

"कमलेसचं सोड," चाचा शांतपणे म्हणाले. "नूतनची पानं तर समोर मांडली होती. तिच्याकडे दोन बदाम होते, दोन्ही गेले होते. व्हय की न्हाय?"

मी मान डोलावली.

"तिच्याकडं हुकूम काय होता?"

"किलवरची दुरी," मी म्हटलं.

"तू बदाम उतरलीस, मग तिनं काय मारलं?"

समोर एक मासळीवाली मावशी रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती, मासळी विकून थळला परत चालली असावी. एवढा वेळ ती कान देऊन ऐकत होती. ब्रिज तिने जन्मात बघितलं नसेल, पण मेंढीकोट आमच्याकडे कोण खेळत नाही. ती मला म्हणाली, "हुकमाची दुरी? दुरीनं हात नेला तुझा?"

"हो, पण त्याचं असं आहे..."

"अगं बाय," ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी तिच्याकडून कधी मासळी घ्यायच्या लायकीची राहिले नाही. "आजोबांचा बरोबर हाय."

चाचांनी तिच्याकडे मान तुकवली आणि माझ्याकडे वळले. चोंढी नाका दिसायला लागला होता. ते उतरायची तयारी करेनात.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल. मिनीडोरचा आवाज हाय."

मी मोठ्याने बोलले.